गंध कोणाचा?

‘गंध’ हा शब्द मुळात चांगल्या वासाचाही नाही आणि वाईट वासाचाही नाही. मराठीत ‘फुलांचा गंध’ म्हटले की सुवासच अभिप्रेत असतो आणि ‘कपाळाला गंध लावले’ म्हटले की चंदनाचा टिळा डोळ्यांपुढे येतो. ऋग्वेदात मात्र हा शब्द अगदी निराळ्या ठिकाणी भेटतो. पहिल्या मंडलातल्या १६२व्या सूक्तात अश्वमेधाच्या घोड्याचे वर्णन आहे, आणि तिथला गंध कच्च्या मांसाचा आहे. इराणी शाखेत तर शब्दाचा कल पूर्णपणे त्याच बाजूला गेला. अवेस्तेच्या भाषेतला त्याचा सगोत्र शब्द दुर्गंधी सांगतो, फारसीत ‘गंद’ म्हणजे घाण वास, आणि त्यावरून झालेला ‘गंदा’ पुढे मराठीतही येऊन राहिला. देवाला वाहायचे गंध आणि गंदा कपडा हे शब्द एकाच कुळातले आहेत, हे बोलताना कोणाच्या ध्यानीमनी नसते.

म्हणूनच संस्कृतला चांगल्या वासासाठी ‘सु’ जोडावा लागला. ही जोडणी साधी वाटते, पण पाणिनीने तिच्यासाठी स्वतंत्र नियम केला. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.४.१३५) तो सांगतो की उत्, पूति, सु आणि सुरभि या शब्दांपुढे बहुव्रीहीत ‘गंध’ आला तर त्याचा शेवट इकारान्त होतो : सुगंधि, पूतिगंधि. वार्तिककाराने त्याला एक अट घातली. गंध त्या वस्तूचा अंगभूत असेल तरच हा इकार यायचा. फूल ‘सुगंधि’ असते. पण ज्याच्या दुकानात उंची सुगंधी द्रव्ये आहेत तो दुकानदार ‘सुगंध’ म्हणायचा, ‘सुगंधि’ नव्हे. वास त्याच्याजवळ आहे, त्याचा नाही. एका स्वरावर एवढा भेद उभा करणाऱ्या व्याकरणकारांपुढे प्रश्न व्याकरणाचाच होता, पण त्यातून पुढे दर्शनांनी शेकडो वर्षे खल केलेला विषय दिसतो. गंध नेमका कोणाचा? ज्यातून तो येतो त्याचा, ज्याला तो लागतो त्याचा, की वाटेतल्या वाऱ्याचा? ऋग्वेदातल्या त्र्यंबकाच्या मंत्रात रुद्राला लावलेले विशेषण ‘सुगंधि’ असे इकारान्तच आहे. या नियमाच्या उजेडात वाचले तर तिथे देवाला वाहिलेल्या सुगंधाविषयी नव्हे, त्याच्या स्वतःच्या सुगंधाविषयी बोलले आहे.

पुढच्याच सूत्रात पाणिनी या शब्दाचा आणखी एक अर्थ नोंदवतो, तो म्हणजे ‘अगदी थोडे’. ज्या जेवणात वरण नावापुरतेच आहे ते ‘सूपगंधि’. मराठीने हा अर्थ जिवंत ठेवला आहे. ‘त्याला याची गंधवार्ताही नव्हती’ असे म्हणताना नाकाचा काही संबंध नसतो. गंध म्हणजे लेशमात्र खूण, पुसटशी चाहूल. वस्तू समोर नसतानाही तिचा थोडा अंश हाती लागतो, हे गंधाचेच वैशिष्ट्य आहे. डोळ्याला वस्तू समोर लागते, जिभेला आणि त्वचेला ती टेकावी लागते; नाकाला मात्र ती येऊन गेलेली असली तरी पुरते.

चांगल्या वासाच्या इतर शब्दांत अमरकोशाने केलेली वाटणी नेमकी आहे. चोळण्या-कुस्करण्यातून निघणारा आणि लोकांचे मन ओढून घेणारा गंध तो ‘परिमल’. तोच फार दूरवर पसरला की ‘आमोद’. जो नाकाला तृप्त करतो तो ‘सुरभि’. कच्च्या मांसासारखा उग्र वास ‘विस्र’. मराठी ‘परिमळ’ या शब्दातून चोळण्याचा अर्थ आता गळून गेला आहे, पण ती क्रिया देवघरात रोज होत असे आणि अजूनही अनेक घरांत होते. चंदनाचे खोड कोनाड्यात नुसते पडून असते तेव्हा जवळ गेल्याशिवाय त्याचा वास जाणवत नाही. सहाणेवर पाण्याचे चार थेंब घ्यायचे आणि खोड एका लयीत गोल गोल उगाळत राहायचे. पाणी आधी गढूळ होते, मग पिवळसर लेप दाटत येतो, आणि हाताला जरा घर्षण लागू लागले की वास खोली भरून टाकतो. लाकडाच्या गाभ्यातले तेल घासण्याने मोकळे होते, एवढेच कारण. कोशकाराने या अनुभवाला वेगळा शब्द द्यावा, इतकी त्याची नीट दखल त्या काळी घेतली गेली होती.

आता मूळ प्रश्न. अथर्ववेदातल्या पृथिवीसूक्ताने (१२.१) त्याचे एक उत्तर फार आधी देऊन ठेवले आहे. तिथे गंध भूमीतून जन्मतो. औषधी आणि पाणी तो धारण करतात, गंधर्व आणि अप्सरा त्यात वाटेकरी होतात. कमळात तो शिरला, सूर्येच्या विवाहात देवांनी तो गोळा केला, आणि माणसांत, घोड्यांत, हरणांत, हत्तींतही तोच आहे. भूमीने त्या गंधाने आपल्यालाही सुगंधी करावे, आपला कोणी द्वेष करू नये, असे मागणे ऋषी मागतो. सुगंध आणि कोणाच्याही द्वेषाला पात्र नसणे यांची इथे घातलेली सांगड साधी आणि सुंदर आहे.

वैशेषिकांनी यातली कविता बाजूला ठेवली आणि सिद्धान्त घेतला. त्यांच्या मते गंध हा पृथ्वीचा, आणि केवळ पृथ्वीचाच, विशेष गुण. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ आजही शास्त्राभ्यासाचे पहिले पुस्तक म्हणून पाठ केला जातो. त्यात पृथ्वीची व्याख्याच ‘गंध असलेली ती’ अशी आहे. पाणी थंड, तेज उष्ण, वायू रूपहीन, तशी पृथ्वी गंधवती. नाक हे इंद्रियही पार्थिवच, म्हणून त्याला गंध कळतो. पाण्याला किंवा वाऱ्याला वास येतो तेव्हा त्यात पृथ्वीचे कण मिसळलेले असतात. गंधाचे प्रकार दोनच, सुरभि आणि असुरभि. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला पार्थिव गंधाचे नऊ प्रकार सांगतो : इष्ट आणि अनिष्ट, मधुर आणि कटू, दूर पसरणारा, दाट मिसळलेला, स्निग्ध, रूक्ष आणि विशद. नैयायिकांना त्या वर्णनसमृद्धीची गरज वाटली नाही, कारण त्यांना काटेकोर लक्षण हवे होते. नऊ प्रकारांची ती यादी नाकाशी अधिक प्रामाणिक आहे, हेही म्हटले पाहिजे.

लक्षण केले की आक्षेप आलेच. दगड पार्थिव आहे, मग त्याला वास का नाही? विश्वनाथाच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त उत्तर आहे : वास आहे, पण तो प्रकट नाही, दगड भाजून भस्म करा, भस्माला वास येतो, आणि भस्म ज्या परमाणूंचे तेच परमाणू दगडाचे. दुसरा आक्षेप अन्नंभट्टाने आपल्याच ग्रंथावरच्या ‘दीपिका’ टीकेत घेतला आहे. काही अवयव सुगंधी आणि काही दुर्गंधी असलेल्या वस्तूत दोन गंध एकमेकांना मारतील आणि अख्खी वस्तू गंधहीन ठरेल. मग ती पृथ्वी नाही म्हणायची का? यावर तो लक्षणाला मुरड घालतो : प्रत्यक्ष गंध नसला तरी गंध जिथे असतो तिथे राहणारी पृथ्वीत्व ही जाती त्या वस्तूत आहे, तेवढे पुरे. जैन दार्शनिकांना ही कसरत करावी लागली नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार स्पर्श, रस, गंध आणि वर्ण हे चारही पुद्गलमात्राचे, म्हणजे जड द्रव्यमात्राचे, धर्म आहेत. त्यामुळे पाण्यालाही गंध आहे आणि अग्नीलाही. आपल्या नाकाला तो लागत नाही एवढेच.

पावसाच्या पहिल्या सरीनंतरचा वास हा पृथ्वीच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार समजला जातो. त्या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. त्यातला मातकट भाग जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि ते जमिनीतले सूक्ष्म जीव तयार करतात. कनौजचे अत्तरवाले तोच वास भाजलेल्या मातीवरून ऊर्ध्वपातनाने चंदनतेलात उतरवतात आणि त्याला ‘मिट्टी अत्तर’ म्हणतात.

खरा पेच फुलाचा आहे. मोगरा ओंजळीत असतो आणि त्याचा वास दाराबाहेर. गुण द्रव्याला सोडून एकटा राहू शकत नाही, हा तर सर्वमान्य नियम. मग एक तर वासाबरोबर फुलाचे कण बाहेर पडले पाहिजेत, नाहीतर नियम मोडला पाहिजे. कण बाहेर पडत असतील तर फूल झिजायला हवे, आणि ते झिजताना दिसत नाही. ब्रह्मसूत्रांत (२.३.२६) हाच दृष्टान्त जीवासाठी आला आहे. जीव अणुएवढा आणि हृदयात बसलेला असेल, तर पायाला लागलेली ठेच त्याला कशी कळते? सूत्र सांगते : गंधासारखी. फूल एका ठिकाणी, गंध त्याच्या पलीकडे. तसा जीव एका ठिकाणी, चैतन्य शरीरभर. रामानुजाचार्यांना हा दृष्टान्त मान्य आहे, कारण त्यांच्या मते जीव अणूच आहे आणि ज्ञान हा त्याचा पसरणारा धर्म आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात हेच सूत्र पूर्वपक्षात जाते. गंध आश्रयाला सोडून गेला तर तो गुणच उरणार नाही, असे ते ठणकावतात आणि व्यासांचे म्हणून एक वचन पुढे ठेवतात : पाण्यात वास आला म्हणून तो पाण्याचा म्हणणारे अनिपुण होत, तो पृथ्वीचाच, पाणी आणि वारा हे त्याचे केवळ आसरे. एका फुलाच्या वासावर दोन वेदान्त वेगळे होतात. आत्मा किती मोठा, हा प्रश्न दोघांनीही नाकाच्या अनुभवावर घासून पाहिला, ही गोष्ट या शास्त्रार्थाला पुस्तकी होऊ देत नाही.

आजचे रसायनशास्त्र या वादात शंकराचार्यांच्या आणि वैशेषिकांच्या बाजूने साक्ष देईल. फुलातून उडून जाणारे रेणू नाकातल्या ग्राहकांवर बसतात तेव्हाच वास येतो. हे ग्राहक घडवणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. फूल खरोखरच झिजते, पण इतके थोडे की डोळ्याला किंवा साध्या काट्याला ते कळू नये. गंध पृथ्वीचाच, हे मात्र या साक्षीतून सिद्ध होत नाही. उडू शकणाऱ्या कोणत्याही द्रव्याचा तो असू शकतो, आणि तिथे जैनांचे म्हणणे अधिक जवळचे ठरते.

एकच गंधतत्त्व असताना चांगला आणि वाईट हा भेद कुठून आला, याची उत्तरेही धर्मग्रंथांनी दिली आहेत. छांदोग्य उपनिषदात देव नाकातल्या प्राणाची उद्गीथ म्हणून उपासना करतात आणि असुर त्याला पापाने विंधतात; म्हणून नाक सुगंध आणि दुर्गंध दोन्ही घेते. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान पृथ्वीतला ‘पुण्य गंध’ म्हणजे आपणच, असे सांगतात. त्यावर शंकराचार्यांचे भाष्य असे की पृथ्वीचा गंध स्वभावाने शुद्धच असतो. अविद्या, अधर्म आणि विशिष्ट भूतांचा संसर्ग यांमुळे तो संसारी जीवांना अशुद्ध होऊन भेटतो. म्हणजे मूळ गंध तो सुगंध, आणि दुर्गंध हा नंतर झालेला बिघाड. वेदातल्या कच्च्या मांसाच्या गंधापासून हा शब्द किती लांब आला, ते इथे दिसते.

बौद्ध परंपरेने हाच कच्च्या मांसाचा वास नीतीच्या प्रश्नात आणला. धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेल्या सुत्तनिपातात ‘आमगंध’ नावाचे एक सुत्त आहे. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी. ती मांस खाण्यात नसून हिंसा, चोरी, खोटे बोलणे, फसवणूक यांत आहे, असे ते सुत्त बजावते. धम्मपदात उलट बाजू आहे : चंदन, तगर, मोगरा यांचा वास वाऱ्याविरुद्ध जात नाही, सज्जनांच्या शीलाचा जातो. बुद्धाचे श्रावस्तीच्या जेतवनातले निवासस्थान ‘गंधकुटी’ म्हणून ओळखले जाई आणि पुढे विहारांतल्या बुद्धाच्या दालनालाच ते नाव मिळाले. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला, शिलालेखही गंधकुटी खोदवल्याचा उल्लेख करतो.

गंधाच्या विचाराने सर्वांत खोल ठसा उमटवला तो ‘वासना’ या शब्दावर. वास देणे, सुवासित करणे यासाठी संस्कृतात ‘वासयति’ हे क्रियापद आहे. सुवासिक तेल करण्याची जुनी रीत अशी : तीळ स्वच्छ करून पसरायचे, त्यांवर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. फुले कोमेजली की ती काढून नवी घालायची, आणि तीळ वासाने पुरते भारले गेले की मग ते घाण्यात गाळायचे. घाण्यात एकही फूल जात नाही, तरी तेल चमेलीचे निघते. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकारची मिश्रणे होतात, असा हिशेबही त्याने त्यात मांडला आहे. या कारागिरीचा परिचय तत्त्वज्ञांना चांगलाच होता. योगाचार बौद्धांपैकी असंगाने विज्ञानातल्या, म्हणजे चित्तातल्या, बीजांचे स्पष्टीकरण याच तिळांनी केले : फूल आणि तीळ एकत्र असतात, फूल नष्ट होते, तिळात मात्र तो वास देण्याचे सामर्थ्य उरते. केलेले कर्म क्षणात संपते. चित्ताला लागलेला त्याचा वास ती वासना. सांख्यकारिकेत सूक्ष्म शरीर भावांनी ‘अधिवासित’ होऊन संसरण करते असे म्हटले आहे, आणि वाचस्पतिमिश्र त्यावर लिहिताना सोनचाफ्याच्या संपर्काने वास लागलेल्या वस्त्राचा दाखला देतो. गीतेचा पंधरावा अध्याय याच दिशेने जातो : वारा फुलांतून वास घेऊन निघावा तसा जीव इंद्रिये आणि मन घेऊन एका शरीरातून दुसऱ्यात जातो.

आत्म्याला शाश्वत मानणारे आणि न मानणारे, दोघांनाही एकाच दृष्टान्ताची गरज पडली, कारण दोघांपुढची अडचण एकच होती. कर्ता गेला, कर्म संपले, तरी परिणाम राहतो. तो कशात राहतो? व्याकरणकारांच्या भाषेत सांगायचे तर चित्त हे ‘सुगंधि’ नव्हे, ‘सुगंध’ आहे. त्यातला वास बाहेरून लागलेला आहे, आणि लागलेला आहे म्हणूनच तो जाऊही शकतो; मोक्षाची सगळी शक्यता या एका गोष्टीवर उभी आहे. मराठीत ‘वासना’ हा शब्द पुढे इच्छेपुरता आणि बोलीत कामेच्छेपुरता आकसला, हे त्या शब्दाचे दुर्दैव म्हटले पाहिजे. मेलेल्याची वासना कशात तरी अडकली आहे, असे पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा म्हणतात. त्या बोलण्यात जुना अर्थ बराचसा शाबूत आहे.

पूजेत गंध हा उपचार पृथ्वीचा प्रतिनिधी म्हणून येतो. पंचोपचारी मानसपूजेत गंध पृथ्वीरूप, पुष्प आकाशरूप, धूप वायुरूप, दीप तेजोरूप आणि नैवेद्य अमृतरूप कल्पून वाहतात. प्रत्यक्ष पूजेत गंध लावताना श्रीसूक्तातली देवीला ‘गंधद्वारा’ म्हणणारी ऋचा म्हटली जाते. देवाचे फूल हुंगू नये, हा घरोघरचा दंडकही याच विचारातून येतो : हुंगले म्हणजे त्यातला गंध भोगला, फूल उष्टे झाले. द्रव्य जसेच्या तसे असूनही त्याचा गुण कोणीतरी घेतला, असे इथे मानले जाते. दर्शनांनी नाकारलेले द्रव्य-गुणांचे वेगळेपण आचाराने असे गृहीत धरले आहे, आणि त्यात देवाला पहिला मान देण्याची निष्ठा आहे. वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदन आणि बुक्का असतो. पंढरीचा तो काळा सुवासिक बुक्का भेटणाऱ्याच्या कपाळीही लागतो, म्हणजे देवाचा प्रसाद वासाच्या रूपाने माणसामाणसांत फिरतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी भाषेचा गौरव करताना तिला सुगंधांमधल्या कस्तुरीची उपमा दिली, पूजेचा धर्म बदलला तरी उत्तमाचे माप तेच राहिले.

द्रव्य आणि गुण यांच्या भांडणाला वेगळेच वळण दिले ते ज्ञानेश्वरांनी. ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणात सत्, चित् आणि आनंद ही तीन नावे एकाच आत्म्याची कशी, हे सांगताना ते कापूर हातात घेतात. कापूर शुभ्र आहे, मृदू आहे, सुवासिक आहे. पण शुभ्रपणा एका कोपऱ्यात, मऊपणा दुसऱ्यात आणि परिमळ तिसऱ्यात असे नसते. जे शुभ्र तेच मऊ, आणि ते दोन्ही न म्हणता तो सारा परिमळच म्हटला तरी चालते. गुण कोणात राहतो हे विचारण्याआधी वैशेषिक दोन वस्तू मानतात, राहणारा आणि राहण्याची जागा. ज्ञानेश्वरांच्या कापरात ती जागाच वेगळी काढता येत नाही. तरीही ते तिथे थांबत नाहीत. सच्चिदानंद हे शब्दसुद्धा आत्म्याचे वाचक नव्हेत, असे ते पुढे सांगतात. आत्मा असत् नाही, जड नाही, दुःख नाही, एवढी इतरांची व्यावृत्ती करून ते शब्द संपतात. तर्कशास्त्रातही लक्षणाचे काम लक्ष्य वस्तू इतरांपासून वेगळी दाखवणे एवढेच मानले आहे, आणि ‘गंधवती ती पृथ्वी’ हे लक्षण त्याच कामाचे आहे : पाणी, तेज, वायू यांतून पृथ्वी वेगळी निघते, पण पृथ्वी किंवा गंध स्वतः काय आहे ते त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी नैयायिकही शेवटी घ्राणेंद्रियाच्या प्रत्यक्षाकडेच बोट दाखवतो.